गंगेच्या गावात पाहुण्यांना घेऊन एक दिवस

नाशिकमध्ये गोदावरीला ‘गोदावरी’ म्हणणारा माणूस बहुधा बाहेरगावचा असतो. इथं ती गंगा. ‘जरा गंगेवर जाऊन येतो’ म्हणजे रामकुंडाकडं चक्कर मारून येतो. ‘गंगेला पाणी आलंय’ म्हणजे वर गंगापूर धरणातून विसर्ग वाढवलाय. घरी आत्या-मामा, त्यांची मुलं, सोबत एखादी आजी असे सहासात जण येणार असतील आणि त्यांना एका दिवसात नाशिक दाखवायचं असेल, तर हा एक शब्द आधी त्यांच्या कानावर घालावा. पुढचा सगळा दिवस त्याच्याभोवती नीट बसतो.

पाहुण्यांची यादी बहुतेक वेळा आधीच ठरलेली असते. त्र्यंबकेश्वर, पंचवटी, पांडवलेणी, सोमेश्वर, मुक्तिधाम, जमलं तर द्राक्षबागा, आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. ही यादी एका दिवसाची नाही. त्र्यंबकेश्वर शहरापासून सुमारे २८ किलोमीटर. जायला पाऊण तास, यायला पाऊण तास, हा हिशोब सगळे करतात. दर्शनाच्या रांगेचा कुणी धरत नाही. सोमवारी, श्रावणात किंवा सलग सुट्ट्यांत रांगेतच तीन-चार तास जातात आणि मग दिवसाचं कंबरडं मोडतं. त्र्यंबकला स्वतंत्र दिवस द्यावा. वाटेत अंजनेरीला जुन्या नाण्यांचं संग्रहालय आहे, ब्रह्मगिरी आहे, कुशावर्त आहे. तेवढ्यात तो दिवस भरून जातो. शहराच्या दिवसात पांडवलेणी आणि पंचवटी एवढंच ठेवावं. हे कमी वाटेल, पण दिवसाचा वेग गाडी ठरवत नाही. आजीचे गुडघे आणि सगळ्यात लहान मुलाची दुपारची झोप ठरवते.

पांडवलेणी सकाळी, आणि तेही न्याहारीच्या आधी. शहरातून मुंबईच्या दिशेला निघालं की पाथर्डी फाट्याजवळ डाव्या हाताला डोंगर दिसतो. पायऱ्या दोनशेच्या आसपास आहेत. धडधाकट माणसाला पंधरा-वीस मिनिटं, आजी-आजोबा बरोबर असतील तर पस्तीस मिनिटं धरा. वाटेवर सलग सावली नाही, म्हणून नऊ वाजायच्या आत चढून झालेलं बरं. घाईनं वर जाणारी मुलं निम्म्यावर बसतात आणि मग खांद्यावर घ्यावी लागतात. त्यांना आजीच्या मागे चालायला सांगावं. माणशी अर्धा लिटर पाणी पुरतं, वर काही मिळेल या भरवशावर राहू नये. चपलेऐवजी मागे पट्टा असलेली सँडल किंवा बूट घाला, कारण उतरताना घासून गुळगुळीत झालेल्या दगडावर पाय सटकतो. कड्यावर मोहोळ दिसलं तर त्याच्या खाली थांबू नका, उग्र अत्तर लावून जाऊ नका, आणि उदबत्ती किंवा सिगारेटचा धूर तर अजिबात करू नका. आजीला चढणं झेपणार नसेल तर पायथ्याशी दादासाहेब फाळक्यांचं स्मारक आणि शेजारी बुद्धविहार आहे. तिथं कुणीतरी सोबत थांबावं. फाळके त्र्यंबकेश्वरचे, जन्म १८७०चा. भारतीय सिनेमा सुरू करणारा माणूस या मातीतला आहे, हे मुलांना तिथंच सांगता येतं.

वर एकूण २४ लेणी आहेत. चोवीसही पाहायच्या नसतात. तीन नीट पाहावीत: तिसरं, दहावं आणि अठरावं. अठरावं चैत्यगृह आहे, म्हणजे बौद्ध भिक्षूंचं प्रार्थनेचं लेणं, दर्शनी कमान घोड्याच्या नालासारखी. तिसऱ्यात ओसरीच्या जोत्याकडं खाली वाकून पाहा. सहा धिप्पाड पुरुष जमिनीतून अर्धे वर आलेत आणि अख्खं लेणं खांद्यावर तोलून धरलंय. मुलांना हे आधी दाखवावं, मग ती पुढचं स्वतः शोधतात. याच लेण्यात सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचा, गौतमी बलश्रीचा लेख आहे. ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं, असं ती आपल्या मुलाचं वर्णन करते. ‘त्रिसमुद्रतोयपीतवाहन’ हा शब्द शाळेत पाठ केलेला असतो. तो ज्या भिंतीवरून आला ती भिंत ही, एवढं सांगितलं की सहावी-सातवीतल्या पोरांचे डोळे बदलतात.

पण खरी थांबायची जागा दहावं लेणं. क्षत्रप, म्हणजे शक राजा नहपान, त्याचा जावई उषवदात. ओसरीच्या भिंतींवर ब्राह्मी अक्षरांत त्याचे लेख आहेत, सुमारे १९०० वर्षांपूर्वीचे. त्यांपैकी एकात चक्क ठेवीचा हिशोब आहे. उषवदातानं लेण्यातल्या भिक्षूंसाठी ३००० कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडं, म्हणजे व्यावसायिक संघांकडं ठेवले. २००० एका श्रेणीकडं, दरमहा शेकडा १ व्याजानं. १००० दुसऱ्या श्रेणीकडं, दरमहा शेकडा पाऊण. मुद्दल परत मागायचं नाही, व्याज तेवढं वापरायचं. मुलांच्या हातात कागद-पेन्सिल द्या. दोन हजारांवर शेकडा १ म्हणजे महिन्याला २०, वर्षाला २४०. पावसाळ्यात इथं राहणाऱ्या २० भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे अंगावरच्या वस्त्रासाठी, प्रत्येकी १२. वीस बारे दोनशे चाळीस. हिशोब तंतोतंत जुळतो, आणि तो जुळलेला पाहताना मुलांना जो आनंद होतो तो कुठल्याच माहितीफलकानं होत नाही. उरलेल्या हजाराचे वर्षाला ९०, तेही भिक्षूंच्याच इतर खर्चासाठी. हा सगळा व्यवहार निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत ऐकवून दप्तरी नोंदवला, असंही लेखात लिहिलंय. बँकेत काम केलेला एखादा काका बरोबर असेल तर त्याला बोलू द्यावं. कायम ठेव म्हणजे काय हे तो आपल्यापेक्षा चांगलं सांगेल. गोवर्धन हे गाव आजही गंगापूर रस्त्याला आहे, गंगेच्या काठावर.

अक्षरं समोरून पाहिली तर दगडावरच्या ओरखड्यांसारखी दिसतात. मोबाइलचा टॉर्च भिंतीला जवळजवळ चिकटवून बाजूनं तिरपा धरा, की प्रत्येक अक्षराच्या कडेला सावली पडते आणि ओळी वर येतात. हात फिरवायचा नाही, खडूनं गिरवायचं तर मुळीच नाही. घामानं आणि घासण्यानं दगडाचा वरचा थर जातो आणि अक्षर कायमचं पुसट होतं. आणखी एक. लेणी पांडवांची नाहीत. लेखांत या डोंगराचं नाव ‘तिरण्हु’ असं येतं, म्हणजे त्रिरश्मी. आजीची श्रद्धा असेल तर वाद घालू नये, पण मुलांना भिंतीवर काय लिहिलंय ते सांगावं. हे दहावं लेणं खोदलं नहपानाच्या घरानं, आणि त्याच नहपानाचा पराभव केला शेजारच्या तिसऱ्या लेण्यातल्या गौतमीपुत्रानं. १९०६ साली सिन्नर तालुक्यात जोगलटेंभीला नाण्यांचा मोठा साठा सापडला, तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी नहपानाची, आणि त्यांतल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्रानं आपला ठसा पुन्हा मारलेला. हरलेल्या राजाची नाणी वितळवत न बसता त्यांच्यावरच आपली खूण उठवायची, ही युक्ती मुलं घरी जाईपर्यंत विसरत नाहीत.

दहाच्या सुमाराला खाली उतरावं आणि मग मिसळ. हा क्रम उलटा करू नका. मिसळ खाऊन दोनशे पायऱ्या चढायला घेतल्या की तर्री गळ्याशी येते, मुलांना मळमळतं, आणि ते मूल मग दिवसभर काही खात नाही. नाशिकची मिसळ म्हणजे मटकीची उसळ, काळ्या मसाल्याचा रस्सा, वरून शेव, कांदा, लिंबू, सोबत पाव, पापड आणि बहुतेक ठिकाणी दह्याची वाटी. काही ठिकाणी जिलेबी किंवा गुलाबजामही ताटात येतो. सहा माणसांत चार ताटं पुरतात, कारण रस्सा पुन्हा वाढतात. मुलांसाठी ‘रस्सा वेगळा द्या’ असं आधीच सांगावं; एकदा उसळीवर ओतला की तिखट कमी करायचा उपाय नाही. पापड रश्शात आधीच बुडवून ठेवू नये, चुरून वरून घालावा. रविवारी नऊ ते अकरा जागा मिळायला अर्धा-पाऊण तास लागतो, हे धरून चालावं. आणि दुपारी उशिरा गेलात तर बऱ्याच ठिकाणी मिसळ संपलेली असते. ती नाशिककराची सकाळ आहे, जेवण नाही.

तिथून पंचवटीकडं येताना गाडी स्वतः चालवत असाल तर एक चूक ठरलेली. महामार्गावरच्या उड्डाणपुलावर चढलात तर शहर खाली राहतं आणि तुम्ही थेट आडगावच्या दिशेला उतरता. पुलाखालचा रस्ता धरा, मुंबई नाका, मग द्वारका. द्वारकेच्या चौकात वाहतूक तुंबते, त्याला इलाज नाही.

दुपारी एक ते चार कुठंही फिरू नये. फेब्रुवारी सरला की पंचवटीतल्या देवळांच्या फरश्या तापतात आणि अनवाणी चालताना लहान मुलांचे तळवे भाजतात. घर शहरात असेल तर घरी या, जेवा, झोपा. बाहेरून आलेला परिवार असेल तर एखाद्या धर्मशाळेत किंवा भक्तनिवासात अर्ध्या दिवसासाठी खोली मिळते का ते आधी फोनवर विचारून ठेवावं. तेवढ्या पैशात संध्याकाळ वाचते. रेल्वेनं येणारे-जाणारे असतील तर नाशिकरोडचं मुक्तिधाम दुपारी बरं. पांढरा संगमरवर, भिंतींवर गीतेचे अठरा अध्याय कोरलेले, आणि स्टेशनपासून जवळ.

चारनंतर पंचवटी. गाडी आत नेऊ नका. गल्ल्या अरुंद आहेत, आणि सिंहस्थ जवळ आला की घाटांची आणि रस्त्यांची कामंही निघतात. पंचवटी कारंजापर्यंत सिटीलिंकची बस किंवा रिक्षा करावी आणि तिथून पायी. रिक्षावाले ‘पंचवटी दर्शन’ देतात. गुडघे दुखणाऱ्यांसाठी ते सोयीचं आहे, पण बसायच्या आधी चार गोष्टी बोलून घ्याव्यात: कोणकोणती ठिकाणं, प्रत्येक ठिकाणी किती वेळ थांबणार, तपोवन धरलंय की नाही, आणि पैसे माणशी की पूर्ण रिक्षाचे. ठिकाणांचा आकडा ऐकून भुलू नये. पंधरा ठिकाणांत दहा छोटी देवळं असतात आणि काळारामाला दहा मिनिटं मिळतात.

काळारामाला निदान पाऊण तास हवा. सरदार रंगराव ओढेकरांनी १७९०च्या सुमाराला बांधलेलं हे काळ्या दगडाचं देऊळ. मूर्तीही काळ्या, राम, लक्ष्मण, सीता. चार दिशांना चार दरवाजे. सभामंडपातल्या खांबाला टेकून बसलं की उन्हातून आलेल्या माणसाला दगडाचा गारवा पाठीला लागतो; आजीला तिथं बसवावं. आणि मुलांना दरवाजापाशी घेऊन जावं. २ मार्च १९३० रोजी याच दरवाज्यांसमोर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. नाशिकमध्ये त्याची धुरा दादासाहेब गायकवाडांनी वाहिली, आणि तो पुढं काही वर्षं चालला. देवाच्या दारात माणसांना अडवलं गेलं, आणि त्यांनी तिथंच उभं राहून ते दार मागितलं. ही गोष्ट न सांगता काळाराम दाखवला तर अर्धंच देऊळ दाखवलं. मुलं प्रश्न विचारतात, खूप विचारतात. घाई न करता उत्तरं द्यावीत.

सीतागुंफा तिथून चार-पाच मिनिटांवर, त्या मोठ्या वडांशेजारी, ज्यांच्यावरून पंचवटी हे नाव आलं असं सांगतात. आत उतरायचा जिना अरुंद आहे, मधे तर बसून, वाकून सरकावं लागतं. ज्यांना दमा आहे, रक्तदाब आहे, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय किंवा बंद जागेत घाबरायला होतं, त्यांनी बाहेरूनच नमस्कार करावा. मधेच परत फिरता येत नाही, कारण मागे रांग लागलेली असते. पाठीवरची सॅक बाहेरच्या माणसाकडं द्या. रांग मोठी असेल तर सोडून द्यायलाही हरकत नाही.

आता उताराला लागून रामकुंड. वरच्या बाजूला कपालेश्वर, महादेवाचं देऊळ असून समोर नंदी नाही. मुलांनाच ‘इथं काय कमी आहे’ असं विचारावं. रामकुंडावर पहिली काळजी शेवाळाची. पाण्याखालची पहिली पायरी नेहमी बुळबुळीत असते. मुलांचे पाय धुवायचे तर मोठ्या माणसानं आधी बसावं, मग मुलाला पुढं घ्यावं. उभ्यानं हात धरून उपयोग नाही, घसरलं की दोघंही जातात. कपडे बदलायला वस्त्रांतरगृह आहे. पावसाळ्यात विसर्ग वाढल्याची सूचना झाली, की लगेच वर यायचं. पटांगणावर लावलेल्या गाड्या दर पावसाळ्यात पुरात अडकतात, कारण माणसं पाऊस पडतोय का ते पाहतात आणि पाणी मात्र वरून, धरणातून येतं. शहरात ऊन असतानाही गंगा चढते.

तिथं मुंडण करून घेणारे, अस्थी घेऊन आलेले लोकही असतात. इथं अस्थी पाण्यात विरतात अशी श्रद्धा आहे. गांधीजींच्या अस्थीही इथं विसर्जित झाल्या. आपली सहल आणि त्यांचं दुःख एकाच पायरीवर येतं. त्यांच्याकडं कॅमेरा करू नये, मुलांना हळू बोलायला सांगावं.

दुतोंड्या मारुती इथला पाणीमापक. नदीपात्रात उभा असलेला, शेंदरी, दोन दिशांना दोन तोंडं. पावसाळ्यात अख्खं शहर त्याच्याकडं पाहून बोलतं. ‘मारुतीच्या गुडघ्याला लागलं’, ‘कमरेपर्यंत आलं’, ‘छातीला पोचलं’. धरणातून किती क्युसेक सोडलं हे वर्तमानपत्रात येतं, पण दुकान आवरायचं की नाही हे सराफ बाजार मारुती बघून ठरवतो. २००८, २०१६ आणि २०१९चे पूर ज्यांनी पाहिलेत त्यांना मारुती दिसेनासा होणं म्हणजे काय ते ठाऊक आहे. मुलाला मारुतीसमोर उभं करावं आणि पाणी कमरेला आलं तर समोरच्या कुठल्या पायऱ्या, कुठली दुकानं बुडतील ते त्यालाच बोटानं दाखवू द्यावं. जवळच नारोशंकराचं देऊळ, आणि त्याची ती मोठी घंटा, १७३९च्या वसईच्या विजयानंतर आणलेली.

उजेड असेपर्यंत आणखी एक काम करता येतं, आणि ते फारच थोडे परिवार करतात. इथल्या तीर्थोपाध्यायांकडं नामावळीच्या वह्या असतात. कोणत्या घराण्यातलं कोण, कधी तीर्थाला आलं, त्यानं आपल्या हातानं लिहिलेलं. जुन्या नोंदी मोडीत. त्या काढायच्या तर घरून तयारी करून यावं लागतं. आडनाव पुरत नाही. मूळ गाव लागतं, सध्या राहतो ते नव्हे. तालुका, जमल्यास जुना तालुका. पणजोबांपर्यंतची नावं. आणि घरातलं शेवटचं कोण नाशिकला विधीसाठी आलं होतं, साधारण कोणत्या साली. एवढं सांगितलं की घाटावरचे गुरुजी ‘तुमच्या गावाचे उपाध्ये अमुक’ असं सांगून त्यांच्याकडं पाठवतात. वही लगेच सापडेलच असं नाही, कधी तासभर लागतो, कधी दुसऱ्या दिवशी बोलावतात. म्हणून सकाळीच फोन करून ठेवलेला चांगला. गुरुजींची दक्षिणा मोकळ्या मनानं द्यावी, पानाचा फोटो विचारून काढावा. आणि सापडलंच तर आजीला पुढं बसवावं. सासऱ्यांची सही आजी अक्षरावरून ओळखते, वाचायच्या आधी. खाली आजची नोंद करून घ्यायला विसरू नका: तारीख, सगळ्यांची नावं, आणि लेकीसुनांचीही, नुसत्या पुरुषांची नव्हे. लिहिता येणाऱ्या मुलांनी आपलं नाव स्वतः लिहावं.

खरेदी शेवटी, तोवर हात मोकळे ठेवावेत. भांडी बाजारात तांब्या-पितळेची भांडी वजनावर मिळतात. तांब्याचा तांब्या घेताना आतून कल्हई आहे की नाही ते विचारा, वजन आपल्या डोळ्यांसमोर करून घ्या. चिवडा घरच्या माणसांना लागेल त्यापेक्षा अर्धा किलो जास्त घ्या, तो वाटेतच संपतो. जानेवारी ते मार्च असेल तर द्राक्षं: देठ हिरवा हवा, मण्यांवर पांढुरकी लव हवी, आणि घड हलक्या हातानं हलवल्यावर मणी गळता कामा नयेत. गळले तर तो माल दोन-तीन दिवसांचा. जानेवारीच्या सुरुवातीची द्राक्षं आंबट लागतात, गोडी फेब्रुवारीत भरते. बुधवारी आलात तर घाटावर आठवडेबाजार भरलेला असतो. भाजी उत्तम, पण मुलांचा हात सोडू नका.

दिवे लागले की रामकुंडावर आरती असते. समोरच्या काठावर पायऱ्यांवर जागा धरली तर उजेड पाण्यात उतरलेला दिसतो आणि रेटारेटीही कमी. दिवा सोडायचा असेल तर पानाच्या द्रोणातला घ्या. थर्माकोलचा तिथंच कुठंतरी अडकून राहतो आणि सकाळी कुणाला तरी उपसावा लागतो.

आरतीनंतर लगेच निघू नये, सगळ्या रिक्षा तेव्हाच भरतात. पंधरा-वीस मिनिटं तिथंच बसून मग मालेगाव स्टँडकडं चालत यावं. नाशिकरोड स्टेशन दहा किलोमीटरच्या आसपास आहे, पण द्वारकेमुळं तासाभराचं अंतर समजा. झोपलेल्या मुलाला आत मधे, आजीला कडेला, द्राक्षांची पेटी मांडीवर. पायाशी ठेवली तर पहिल्याच गतिरोधकाला खालचे घड चेपतात.